काट्याची साक्ष
(सिरोंचा येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्याप्रसार, विवाहखर्चातील काटकसर आणि संघटना या विषयांवर व्याख्याने होतात, व ती व्हावीत हेही योग्यच. आज मात्र आम्ही एका घरगुती वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे वजनकाटा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो आता पलंगाखाली येऊन बसला आहे. मधुमेहासाठी वा रक्तदाबासाठी डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ असे सांगितले, की मनुष्य प्रथम काटा विकत आणतो आणि मग दररोज सकाळी त्याच्यापुढे आरोपीसारखा उभा राहतो. अर्धा किलो उतरले तर दिवस आनंदात. अर्धा किलो चढले तर घरात कोणाशी धड बोलणे नाही. आमचे म्हणणे इतकेच, की काटा हा न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे; आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावाचून निकाल देऊ नये.

पहिला प्रश्न असा, की काटा नेमके काय तोलतो? आपण धान पिकविणारी माणसे. खरेदी केंद्रावर धान नेले म्हणजे केवळ वजन पाहून ते घेत नाहीत. ओल किती आहे हेही पाहतात, व ती शेकडा १७ च्या वर असू नये असा दंडक आहे. कारण उघड आहे. ओले धान उन्हात पसरले तर वजन घटते, परंतु दाणा एकही कमी होत नाही. मनुष्यदेहाचेही तसेच. प्रौढ माणसाच्या वजनापैकी शेकडा सुमारे ६० भाग पाणीच असते, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वैशाखात सिरोंच्याच्या उन्हात दुपारभर राबलेला मनुष्य संध्याकाळी काट्यावर उभा राहिला तर किलो-दीड किलो उतरलेला दिसेल. दोन तांबे पाणी प्याला की ते वजन परत येईल. उलट लग्नाच्या पंगतीत लोणचे-पापडांवर हात मारला, तर मीठ शरीरात पाणी धरून ठेवते व दुसऱ्या दिवशी काटा वर जातो. ही सर्व ओल आहे, दाणा नव्हे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठविलेल्या असतात. तेवढे अन्न रोजच्या गरजेहून अधिक एका पंगतीत खाणे जवळजवळ अशक्य, आणि एका उपवासाने तेवढी चरबी झडणेही तितकेच अशक्य.

आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते व पुढे संथ होते. तेथे पुष्कळांचा धीर सुटतो. वस्तुतः प्रथम जाते ते यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर आणि तिने धरून ठेवलेले पाणी. चरबी नंतर, सावकाश जाते. तेव्हा काट्याचा वेग मंदावला म्हणजे प्रयत्न फसला असे नव्हे. कित्येकदा खरे काम तेव्हाच सुरू झालेले असते.

शरीराचे वजन क्षणोक्षणी बदलते हे ज्ञान नवे नाही. इटलीतील सांतोरिओ नावाच्या वैद्याने तराजूला खुर्ची टांगून तीवर बसून सुमारे तीस वर्षे स्वतःचे, आपल्या अन्नपाण्याचे व मलमूत्राचे वजन केले, आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आत गेलेल्या वजनाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसता त्वचेवाटे व श्वासावाटे निघून जातो, असे त्याने दाखवून दिले. तीस वर्षे नोंदी ठेवणारा तो पुरुष कोठे, आणि तीन दिवसांत निराश होणारे आपण कोठे!

आता साक्षीदाराच्या विश्वसनीयतेकडे वळू. पारड्यांचा तराजू वजनाची वजनाशी तुलना करतो. घरातील काटा तसे करीत नाही. तो पायांचा दाब मोजतो. जुन्या काट्यात स्प्रिंग असते, व ती कालांतराने सैल पडते. नव्या विजेच्या काट्यात चार पायांशी बसविलेल्या धातूच्या पट्ट्या किंचित वाकतात व त्या वाकण्यावरून आकडा निघतो. म्हणून काटा सतरंजीवर, सारवलेल्या जमिनीवर किंवा उंचसखल फरशीवर ठेवला तर तो खोटे बोलणारच. सेल उतरला तरी आकडा बिघडतो. दुकानदाराच्या तराजूवर वेळोवेळी तपासणीचा शिक्का मारून घ्यावा लागतो. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर २००९ सालचा वैधमापन कायदा आला, तरी तो दंडक चालूच आहे. आपल्या पलंगाखालच्या काट्यावर शिक्का मारण्यास मात्र कोणी येत नाही. ते काम घरधन्यानेच करावयाचे.

त्याची रीत सोपी आहे. कठीण, सपाट जागी काटा ठेवून त्यावर उभे राहावे व आकडा लिहून घ्यावा. मग मिठाचे एकेक किलोचे दहा बंद पुडे पिशवीत घालून, ती हाती धरून पुन्हा उभे राहावे. आकडा दहा किलोंनी वाढला पाहिजे. लागोपाठ दोनदा उभे राहिल्यावर तोच आकडा आला म्हणून काटा खरा, असे मात्र मानू नये. काही काटे थोडासा फरक असेल तर मागचाच आकडा पुन्हा दाखवितात. आणखी एक गोष्ट. काटा नेहमीच एक किलो अधिक दाखवीत असेल तर फारसे बिघडत नाही, कारण उतार मोजताना ती चूक दोन्ही बाजूंनी वजा होते. आज अधिक आणि उद्या उणे दाखविणारा काटा मात्र निरुपयोगी. तसेच घरचा आकडा आणि दवाखान्यातला आकडा यांची वजाबाकी करू नये. दोन साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींत मिसळू नयेत.

आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. म्हणून उपाय सांगतो तो गणिताचा. रोज सकाळी शौचमुखमार्जनानंतर, काही खाण्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करावे व वहीत लिहावे. रोजच्या आकड्याने हर्षविषाद मानू नये. सात दिवसांची बेरीज करून तिला सातांनी भागावे, आणि या आठवड्याची सरासरी मागील आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. ओलीचे चढउतार सरासरीत पुष्कळसे बुजतात व दाण्याचा हिशेब दिसू लागतो.

तथापि खऱ्या काट्यालाही सर्व काही कळते असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातील डॉ. युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२! दिसण्यात सडपातळ, आतून मेदयुक्त, अशी आपणा भारतीयांची ठेवण. म्हणून काट्याच्या जोडीला एक मापनफीत घरी असावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० च्या पुढे गेली, तर काटा काहीही म्हणो, सावध झाले पाहिजे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो, ती सांगतो. वजन उतरणे ही नेहमीच आनंदवार्ता नव्हे, हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? अंगणवाडीत बालकाला काट्यावर ठेवतात तेव्हा आकडा वाढावा म्हणून आई डोळे लावून बसते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ खेड्यांत नवजात अर्भकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९९९ साली जगापुढे आला. त्या कामी गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया घरोघर जाऊन अर्भकाचे वजन करीत. अडीच किलोहून कमी वजनाच्या बालकाला अधिक जपावयाचे असते, आणि ते ओळखण्यास हाती काटाच लागतो. एकाच काट्याला एका घरी ‘वाढू दे’ म्हणावयाचे व दुसऱ्या घरी ‘उतरू दे’. आकड्याचा अर्थ आकड्यात नसून माणसात असतो.

म्हणून मोठ्या माणसाचे वजन आहार वा श्रम यांत काहीही बदल न करता उतरू लागले, तर अभिनंदन करू नका, चौकशी करा. सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा भाग, म्हणजे साठ किलोंतून तीन किलो, आपोआप गेला तर डॉक्टरांकडे जावे. त्याच्या जोडीला दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा रात्रीचा घाम असेल तर क्षयाची, आणि फार तहान व वारंवार लघवी असेल तर मधुमेहाची शंका घेऊन त्वरित तपासणी करवावी. ‘वा, काय सडपातळ झालात!’ असे आपण ज्याला कौतुकाने म्हणतो, तो कदाचित आजारी असेल. आपल्या कौतुकाने त्याच्या उपचाराला महिनाभर उशीर व्हावा, हे आपणास शोभेल काय?

जाता जाता मंडळाच्या चालकांपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, मंडळाच्या कार्यालयात एक चांगला काटा, दहा किलोचे शिक्का असलेले वजन व मापनफीत ठेवावी. ज्ञातिबंधूंनी आपले काटे तेथे आणून पडताळून घ्यावेत. दुसरी, वधूवर परिचयपत्रकात वजनाचा रकाना असेल तर तो काढून टाकावा. त्या रकान्यापायी मेळाव्यापूर्वी मुली उपाशी राहतात, आणि उतरते ते बहुधा पाणीच. सत्यभामेने सारे दागिने पारड्यात घातले, तरी श्रीकृष्णाचे पारडे हलले नाही. हलले ते एका तुळशीपत्राने, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. माणसाचे मोल तागडीत मावत नाही. तागडीने सांगावे ते वजन, आणि तेही धीराने, पुन्हा पुन्हा विचारल्यावर.