सुट्टीतील वाचन आणि मुलांची निवड



मे महिना हा व्यापारी कुटुंबांत दुहेरी धांदलीचा काळ असतो. एकीकडे लग्नसराई ऐन भरात आलेली असते, दुसरीकडे शाळांना कुलपे लागलेली असतात. मुलांपाशी वेळच वेळ आणि मोठ्यांना घटकाभराचीही फुरसत नाही, अशा वेळी मुलाच्या हाती मोबाइल देऊन घर शांत करणे हा सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. तो किती महाग पडला हे जूनमध्ये समजते. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत ही सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत, तर विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे जूनच्या अखेरीपर्यंत असते. नुकतेच सलग वाचू लागलेले दुसरी-तिसरीतील मूल इतके दिवस पुस्तकापासून दूर राहिले, तर ओळीवरून ओघाने फिरणारी त्याची दृष्टी पुन्हा जोडाक्षरांपाशी अडखळू लागते. चौथीनंतर इतिहास, भूगोल, विज्ञान, इतकेच काय गणितातील शाब्दिक उदाहरणेही वाचूनच समजून घ्यावयाची असतात. म्हणून हे अडखळणे एका भाषा विषयापुरते राहत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. दीर्घ सुट्टीनंतर मुलांची सरासरी सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी पिछेहाट होते, असे त्यांना आढळले. पुढील संशोधनात हे प्रमाण कमीअधिक निघाले. परंतु त्या आढाव्यातील एक बाब विचार करावयास लावणारी आहे. सुस्थितीतील घरांतील मुले वाचनात किंचित पुढेच गेली होती, गरीब घरांतील मुले मागे पडली होती. सुट्टीत शाळा दोघांनाही सारखीच बंद होती. फरक पडला तो घरात काय उपलब्ध होते, याचा.

यावर रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी फ्लोरिडा राज्यात एक साधा प्रयोग केला. गरीब वस्तीतील शाळांच्या मुलांसाठी त्यांनी पुस्तकांची जत्रा भरविली आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या पसंतीची बारा पुस्तके सुट्टीसाठी विनामूल्य दिली. असे लागोपाठ तीन वर्षे केले. मुलांनी काही अभिजात ग्रंथ निवडले नाहीत. गायक-कलावंतांवरील पुस्तकांनाही चांगली मागणी होती. तरीही, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ही मुले अशी पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात पुढे गेली. सर्वांत गरीब मुलांना लाभ सर्वांत अधिक झाला. शिकवणी नाही, परीक्षा नाही. पुस्तके हाती आली आणि ती स्वतः निवडलेली होती, एवढेच.

वस्त्रव्यवसायाशी संबंध असलेल्यांना यात नवल वाटू नये. गिऱ्हाईक आले की गादीवर दहा ठाणे उलगडावी लागतात. ते पोत चाचपते, रंग उजेडात नेऊन पाहते आणि मगच मनाजोगता कपडा घेते. कापड कितीही उत्तम असले तरी पुढ्यात एकच ठाण टाकून “हेच घ्या” म्हणणाऱ्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढत नाही. मुलांच्या पुस्तकांबाबत मात्र घरोघरी नेमके हेच घडते. थोर पुरुषांची चरित्रे, सामान्यज्ञान आणि संस्कारकथा एवढाच माल पुढे केला जातो. ही पुस्तके वाईट नव्हेत. परंतु बाराच्या बारा तशीच असतील तर मूल पुस्तकांपासूनच दूर पळेल.

दुसरी खोड परीक्षेची. मुलाने गोष्ट संपविताच “तात्पर्य काय?” असे विचारले जाते. तिसरी बक्षिसाची. पुस्तकामागे दहा रुपये असा सौदा ठरला की व्यापाऱ्याचे मूल सर्वांत पातळ पुस्तके शोधून काढणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

मराठीत निवडीला वाव भरपूर आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आहे, विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत, अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मोबाइल हातातून सुटतच नसेल तर निदान त्यावर ‘किशोर’ उघडावा. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या कुटुंबांना वाटेवरच भिलार लागते. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून सुरू झाले. तेथील घरांत मांडलेली पुस्तके कोणासही बसून वाचता येतात. स्ट्रॉबेरीसाठी गाडी थांबते, तशी तासभर येथेही थांबावी. गावातील सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी तर एका वेळच्या हॉटेलच्या बिलाहूनही कमी असते; फक्त तेथे मुलाबरोबर जाणाऱ्या मोठ्याने कपाटासमोर स्वतः गप्प उभे राहावे.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न थोडा निराळा आहे. ती घरात मराठी सहज बोलतात, छापील मराठी मात्र टाळतात. अशांना आरंभी मोठे पुस्तक देऊ नये. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, वर्तमानपत्रातील ठळक मथळे येथूनच सुरुवात व्हावी. ज्या घरात आजोबांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, तेथे नातवंडाने रोज दुपारी त्यांना पानभर वाचून दाखवावे. आजोबांना वर्तमानपत्र मिळते, नातवंडाला श्रोता मिळतो. आणि चुकलेला उच्चार न रागावता दुरुस्त करण्याइतका निवांतपणा घरात बहुधा आजोबांपाशीच असतो.

श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी कार्तिकात येते. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी मात्र ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे बहुतेक वर्षी सुट्टी संपण्याच्या सुमारासच येते. षट्खंडागमाच्या लेखनपूर्तीचे स्मरण करणारा हा दिवस. ग्रंथभांडारातील ग्रंथ बाहेर काढावयाचे, त्यांवरील धूळ झटकावयाची, वेष्टने बदलावयाची, असा त्या दिवसाचा प्रघात आहे. या कामात मुलांना सोबत घ्यावे. त्याच दिवशी ट्रस्टच्या सभागृहात मुलांनी सुट्टीत वाचलेली पुस्तके आणून मांडावीत आणि आपसांत बदलून घ्यावीत. कोणी भुताच्या गोष्टी आणल्या तरी मोठ्यांनी नाक मुरडू नये. काही पुस्तकांची पाने सुटलेली असतील, पुठ्ठे निखळलेले असतील. त्यांच्या बांधणीस लागणारे कापड समाजातील दुकानांत उरणाऱ्या तुकड्यांतून सहज निघेल. डिंक आणि दाभण तेवढे ट्रस्टने पुरवावे.