डॉक्टरकीचा अर्ज कुठे करावा?



वसंत व्याख्यानमालेत आपण इतिहास ऐकता, संतवाङ्मय ऐकता, देशोदेशीच्या राजकारणाची चर्चा ऐकता. आम्ही आज एका अर्जाविषयी बोलणार आहोत. बारावी झालेल्या आणि नीटची परीक्षा दिलेल्या मुलाने किंवा मुलीने कोणकोणत्या वैद्यकीय कॉलेजांची नावे अर्जात लिहावीत, कोणत्या क्रमाने लिहावीत आणि कोणती मुळीच लिहू नयेत, एवढाच आमचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाने ह्यात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. वळ गावात जिथे भाताची खाचरे होती तिथे आता गोदामांच्या रांगा आहेत, आणि शेजारी भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट आहे. तिथे राबणाऱ्यांची मुले आता डॉक्टरकीची परीक्षा देऊ लागली आहेत. निकाल लागला की आईबाप मजुरीची तक्रार ज्याच्याकडे नेतात त्याच्याकडेच प्रवेशाचे कागदही नेतात. आम्ही शाळा फार शिकलो नाही. परंतु कायदे, परिपत्रके आणि नियमावल्या वाचण्यात आमचे आयुष्य गेले, आणि प्रवेशाची पुस्तिका ही अखेर एक नियमावलीच आहे.

हा प्रश्न आजचा नाही. आमच्या ह्याच ठाणे जिल्ह्यात, इथून हाकेच्या अंतरावर कल्याणात वाढलेल्या एका मुलीपुढे तो एकशे चाळीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता. आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पहिली डॉक्टरीण म्हणून आपण तिचा गौरव करतो आणि पुढे जातो. पण तिने कॉलेज कसे निवडले, हे पाहण्यासारखे आहे. चौदाव्या वर्षी तिचे तान्हे मूल दगावले आणि बायकांना औषधपाणी करणारी बाईच हवी, हे तिने मनाशी धरले. १८८३ साली श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभी राहून तिने आपण अमेरिकेस का जातो ह्याचा खुलासा केला. हिंदुस्थानात का शिकत नाही, हा लोकांचा पहिला सवाल होता. तिचे उत्तर रोखठोक होते. मद्रासला कॉलेज आहे, सुइणीच्या कामाचे वर्ग तर सगळ्याच इलाख्यांत आहेत. पण तिथे मिळते ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणाऱ्यांचे मन बायकांच्या बाबतीत खुले नाही. म्हणजे दार उघडे आहे की नाही एवढेच तिने पाहिले नाही. दाराच्या आत पुरते शिकवतात का, हे पाहिले. मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात तिने अर्ज केला आणि ११ मार्च १८८६ रोजी ती पदवीधर झाली. पुढे कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली. पण तिथली थंडी आणि परक्या मुलखातले राहणे तिच्या प्रकृतीला मानवले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ती पुण्यात वारली. मुलगी कुठे राहील आणि काय खाईल हा प्रश्न किरकोळ नाही, हे ह्यावरून समजावे.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती बोटीवर चढली त्याच १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने स्त्रियांना प्रवेश खुला केला. तो आपोआप झाला नाही. सोराबजी शापूरजी बंगाली आणि किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी ह्यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला, आणि त्याच खटपटीतून १८८६ साली कामा रुग्णालय उभे राहिले. आम्हांला सोराबजींचे अगत्य आणखी एका कारणाने वाटते. गिरणीतल्या बायकामुलांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून १८७८ साली कायद्याचा मसुदा पुढे करणारेही हेच गृहस्थ. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली आला. कामाचे तास आणि डॉक्टरकीचे दार ह्या दोन गोष्टी निराळ्या नाहीत, हे त्या पारशी गृहस्थाला तेव्हाच उमगले होते.

कॉलेजांच्या नावांमागे अशा कहाण्या आहेत. नायर रुग्णालयाचे कॉलेज १९२१ साली असहकाराच्या वाऱ्यावर राष्ट्रीय वैद्यकीय कॉलेज म्हणून निघाले. परळचे गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली गिरणगावाच्या मधोमध सुरू झाले. देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की शिकवणारे लायक हिंदी लोकच असावेत आणि ते सरकारी नोकर नसावेत. शीवचे कॉलेज १९६४ चे, कळव्याचे १९९२ चे. सेवाग्रामचे १९६९ साली गांधीजन्मशताब्दीत निघाले. तिथे खादी आणि खेड्यातले शिबिर हा शिरस्ता आहे. अंबरनाथचे सरकारी कॉलेज तर अगदी नवे, २०२४ चे.

आता आजची रीत. नीट ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, त्याच वर्षी न्यायालयात ती रद्द ठरली आणि २०१६ साली परत आली. परीक्षा ७२० गुणांची; ती मराठीतूनही देता येते. परीक्षा एक असली तरी दारे अनेक आहेत. सरकारी आणि महापालिकांच्या कॉलेजांतल्या पंधरा टक्के जागा साऱ्या देशासाठी असतात, त्या दिल्लीच्या समितीमार्फत भरतात. उरलेल्या पंच्याऐंशी टक्के राज्याच्या. त्या आणि खासगी कॉलेजांच्या जागा राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. अभिमत विद्यापीठे दिल्लीच्याच यादीत येतात, पण त्यांची फी निराळी. पुण्याचे सैन्याचे कॉलेज निराळी निवड करते आणि नंतर सैन्यात नोकरी मागते. प्रत्येक दारावर वेगळा अर्ज, वेगळी अनामत, वेगळी मुदत. अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाखांची अनामत ठेवावी लागते, हे पुष्कळांना शेवटच्या दिवशी कळते.

यादी भरताना लोक एक गफलत करतात. गेल्या वर्षी अमुक कॉलेज अमुक गुणांवर बंद झाले, आपले गुण त्याहून थोडे कमी आहेत, तेव्हा ते नाव कशाला लिहा, असे म्हणून मनातले कॉलेज गाळतात, किंवा खाली ढकलतात. यंत्र कसे चालते ते समजून घ्या. गुणवत्ता यादीत ज्याचा नंबर आधी, त्याची पसंती आधी वाचली जाते. वरून खाली वाचत जो पहिला रिकामा पाट सापडेल त्यावर त्याला बसवतात. मोठे नाव वर लिहिले म्हणून खालची जागा कोणी काढून घेत नाही. म्हणून खरोखर जे पहिले हवे ते पहिले लिहावे, दुसरे हवे ते दुसरे. आणि जिथे मिळाले तरी जायचे नाही, ते नाव लिहूच नये. कारण पुढच्या फेऱ्यांत जागा मिळून नाकारली की अनामत जाते आणि कधीकधी पुढचे दारही बंद होते. दर वर्षीचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचावेत. चुलतभावाने चार वर्षांपूर्वी काय केले, त्यावर विसंबू नये. विभागवार सत्तर-तीसची वाटणी सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने रद्द केली, तरी आजही तिच्या हिशेबाने सल्ला देणारे भेटतात.

क्रम ठरवताना काय पाहावे? आमच्या मते पाच गोष्टी. पहिली, रुग्ण. डॉक्टर पुस्तकाने अर्धा घडतो, अर्धा खाटेशेजारी. ज्या रुग्णालयाच्या बाह्य विभागात सकाळपासून रांग लागते, तिथला विद्यार्थी पाच वर्षांत जे पाहतो ते संगमरवरी इमारतीत दिसत नाही. आमच्या मुलांना तिथे एक फायदाही आहे. भिवंडीत वाढलेले मूल मराठी बोलते, हिंदी बोलते, उर्दू समजते, शेजारच्या पद्मशाली घरातली तेलुगूही त्याच्या कानावरची असते. रुग्णाचे दुखणे त्याला दुभाष्यावाचून कळते. दुसरी, शिकवणारे. नवे कॉलेज वाईटच असते असे नाही, परंतु तिथे प्राध्यापक पुरे आहेत का, स्वतःचे रुग्णालय चालते आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. तिसरी, राहणे-जेवणे. कळव्याला घरून जाता येईल, पण रात्रपाळीच्या वर्षांत प्रवास जमेल का? वसतिगृहात खोली मिळेल का? चौथी, बंधपत्र. सरकारी कॉलेजातून निघालेल्याला ठरावीक काळ शासनाची सेवा करावी लागते, नाहीतर मोठी रक्कम भरावी लागते. आम्ही तर म्हणतो, ती सेवा करावी; लोकांच्या पैशाने शिकलेल्याने लोकांची एक वर्ष चाकरी केली तर बिघडते काय?

पाचवी गोष्ट पैसा, आणि इथे थोडे गणित करू. कित्येक अभिमत कॉलेजांची फी वर्षाला वीस लाखांच्या वर आहे. साडेचार वर्षांचे नव्वद लाख धरा. गोदामात माल चढवणाऱ्याला महिना २१,००० रुपये मिळाले, तर वर्षाचे २ लाख ५२ हजार होतात. म्हणजे अन्नाचा एक घास न खाता पस्तीस वर्षांहून अधिक काळची त्याची सगळी मजुरी तेवढ्या फीत जाते. तेव्हा असे कॉलेज यादीत लिहिणे म्हणजे जमीन विकणे किंवा सावकाराच्या दारी जाणे. राज्याच्या प्रवेशफेरीतून जागा मिळालेल्या मुलींना, ज्यांच्या घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींना, २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळू लागली. ती व्यवस्थापनाच्या कोट्याला किंवा अभिमत विद्यापीठाला लागू नाही. मुलीचा बाप म्हणतो, कर्ज काढू. आम्ही म्हणतो, आधी सवलतीचा कागद वाचू. जात पडताळणीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला अकरावीतच काढून ठेवावा. निकालानंतर कचेरीत रांग लावून तो वेळेवर मिळत नाही.

परदेशाचा दलालही ह्याच वेळी दारी येतो. फी थोडी, प्रवेश हमखास, असे तो सांगतो. तो हे सांगत नाही की तिथे जाण्यासाठीही नीट उत्तीर्ण व्हावे लागते; तिथला अभ्यास निदान चोपन्न महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा; परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते आणि पुन्हा एक वर्ष उमेदवारी करावी लागते. २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई पेटली तेव्हा हजारो मुले अर्ध्या शिक्षणावर परत आली, हे आपण पाहिले आहे.

आणि आता ज्या दाराबद्दल बोलायला आम्ही मुख्यतः उभे आहोत, ते दार. कामगार विमा महामंडळाची स्वतःची वैद्यकीय कॉलेजे आहेत. हैदराबादला सनतनगर, फरिदाबाद, कलबुर्गी, चेन्नई, बंगळूर, कोलकात्याजवळ जोका. त्यांत काही जागा विमाधारक कामगारांच्याच मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात. नीट तिथेही द्यावीच लागते. परंतु स्पर्धा कामगारांच्या मुलांची आपसांत. सोलापूरकराला कलबुर्गी म्हणजे शेजार, आणि आमच्या भिवंडीतल्या तेलुगू घराला हैदराबाद परके नाही. ह्या जागेसाठी महामंडळाचा दाखला लागतो, आणि आईने किंवा बापाने सलग किती काळ वर्गणी भरली हे पाहून तो मिळतो.

इथेच घोडे अडते. विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी ती लागू होते. २०१७ साली तिची वेतनमर्यादा २१,००० रुपये झाली. २०१९ साली वर्गणीचा दर ठरला तो असा : कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. २१,००० रुपयांवर कामगाराचे १५७ रुपये ५० पैसे, मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे. हे ६८२ रुपये वाचवण्यासाठी एका छपराखालच्या मागांचे कागदावर चार कारखाने होतात आणि प्रत्येकात नऊ माणसे दाखवली जातात. गोदामात कंत्राटदार अकरा महिन्यांनी बदलतो आणि माणूस पुन्हा नवा ठरतो. पाच वर्षांत एका कामगारामागे मालकाचे ४०,९५० रुपये वाचतात. आणि त्या कामगाराच्या मुलीचा एका जागेवरचा हक्क जातो, जी जागा बाजारात नव्वद लाखांना विकली जाते. अशी मुलगी सहाशे गुण मिळवून आली तरी तिचा त्या दारावरचा अर्ज पाच वर्षांपूर्वीच फेटाळलेला असतो. तो कोणा परीक्षकाने फेटाळलेला नसतो; बापाच्या हजेरीपुस्तकात तो लिहिलाच गेलेला नसतो.

कोणी म्हणेल, त्या जागा मूठभर आहेत, त्यासाठी एवढा आटापिटा कशाला? मूठभर आहेत, हे खरे. पण वर्गणी भरली गेली तर जागा मिळो न मिळो, आजारपणाचा भत्ता मिळतो, बाळंतपणाची रजा मिळते, अपघात झाला तर पेन्शन मिळते. हक्काची नोंद एकदा झाली की ती दहा ठिकाणी उपयोगी पडते. आणि कामगार ती नोंद मागू लागले म्हणजे जागाही वाढवून मागता येतात.

म्हणून आमचे सांगणे दोन प्रकारचे आहे. ज्यांची मुले यंदा अर्ज करणार आहेत, त्यांनी पुस्तिका स्वतः वाचावी, खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहावी, कर्जाच्या कॉलेजाचे नाव सगळ्या घराने बसून ठरवल्यावाचून लिहू नये. नंबर लागला नाही तर मुलाला कमी लेखू नये. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ ह्यांच्यावाचून एकही रुग्णालय चालत नाही. आणि ज्यांची मुले आज सातवी-आठवीत आहेत, त्यांनी उद्या सकाळी कामावर गेल्यावर पगाराची पावती मागावी. तिच्यावर विमा क्रमांक आहे का ते पाहावे. नसेल तर मुकादमाला विचारावे, मुकादम बोलला नाही तर चौघांनी मिळून विचारावे, आणि तरीही उत्तर मिळाले नाही तर संघटनेच्या कचेरीचे दार उघडे आहे. मुलांनी अभ्यास करावा, हे आपण त्यांना रोज सांगतो. त्यांच्या नावची वर्गणी भरून घेण्याचा अभ्यास मात्र आपला आहे.