कोरडवाहू म्हणून स्वस्त?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शहर आपल्या बांधाला येऊन भिडले आहे. नागपूरच्या दक्षिणेला शिवणगाव, खापरी, तेल्हारा या गावांच्या जमिनी मिहानमध्ये गेल्या. छत्रपती संभाजीनगरकडे शेंद्रा-बिडकीनचे शिवार औद्योगिक नगरीत गेले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला पुरा झाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा, जालना असे कपाशीचेच जिल्हे तुडवत तो जातो. जिथे गाड्या त्यावर चढतात-उतरतात, तिथल्या शेतांवर दलालांच्या चकरा सुरू आहेत.

शेती कमी झाली तर देश खाईल काय, ही चिंता शहरातली शहाणी माणसे करतात. ती त्यांची त्यांनी करावी. पिकाला भाव मागतो तेव्हा ही माणसे कुठे असतात? जमीन विकू नका असे सांगायला आम्ही उभे नाही. ज्याला शेती परवडत नाही त्याला बाहेर पडायचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की बाहेर पडताना त्याच्या पदरात काय पडते.

हिशेब मांडू. कोरडवाहू कपाशी एकरी पाच क्विंटल आली असे धरा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. झाले ४०,५५० रुपये, तेही तो भाव मिळाला तर. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचाई वजा करा. त्याच वर्षी ऑगस्टात, कापूस घरात यायच्या तोंडावर, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. ज्वारीची गत याहून बरी नाही. असे पीक देणाऱ्या जमिनीला कोण भाव देईल? पिकाचा भाव दाबला की जमिनीचा भाव आपसूक दबतो. मग तीच जमीन घ्यायला सरकार येते आणि म्हणते, तुमच्या भागातला दर एवढाच!

२०१३ चा भूसंपादन कायदा १८९४ च्या इंग्रजी कायद्यापेक्षा बरा, यात वाद नाही. बाजारभावाला गुणक आहे, वर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे. पण त्याचे कलम १० वाचा. ओलिताची, एकाहून जास्त पिकांची जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असे ते सांगते. कोरडवाहूला एवढे संरक्षण नाही. तिच्यासाठी एकूण क्षेत्राची मर्यादा, तीही सरकारनेच ठरवायची. धरणाचे पाणी सरकारने दिले नाही, आणि पाणी नाही म्हणून जमीन आधी आमची घ्यायची! रस्ते, रेल्वे, कालव्यांना तर हे कलमच लागू नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती केली. एमआयडीसी, महामार्ग, नगररचना यांच्या कायद्यांखालचे संपादन या चौकटीबाहेर काढले. मोबदला राहिला, पण गावावर काय परिणाम होईल याची आधी तपासणी करण्याचे बंधन गेले.

आता बाजारभाव कसा ठरतो ते नीट ऐका. एक आकडा रेडीरेकनरचा. दुसरा, आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त भावाच्या निम्म्या खतांची सरासरी. जो जास्त तो धरतात. आणि खेड्यात चालते काय? मुद्रांक वाचावा म्हणून घेणारा खतावर निम्मी रक्कम लिहायला लावतो, उरलेली पिशवीतून देतो. कलेक्टर कचेरीत पिशवी पुरावा होत नाही. एका खतावर वाचलेला मुद्रांक शेजारच्या पन्नास जणांचा मोबदला खाली ओढतो. म्हणून व्यवहार होईल तेवढाच आकडा खतावर लिहा, कोणी कितीही गळ घातली तरी.

संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, बांधावरचे प्रत्येक झाड पंचनाम्यात आले की नाही ते पाहूनच सही करा. निवाड्याची रक्कम उचलताना ‘निषेध नोंदवून’ असे लिहा, नाहीतर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज चालत नाही. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर अर्जाची मुदत फक्त सहा आठवडे. थेट खरेदीत मात्र एकदा सही झाली की विषय संपला. तिथे अधिकारी घाई करतात, आपण करायची नाही.

मायबहिणींना एक सांगायचे आहे. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी ज्यांनी घरच्या लक्ष्मीचे नाव सातबाऱ्यावर लावले, तिथे तिच्या सहीशिवाय जमीन हलत नाही. ज्यांचे राहिले असेल त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये.

याच कायद्याचे कलम १०२ म्हणते, संपादित जमीन विकास न करता दुसऱ्याला विकली तर वाढलेल्या किमतीतले ४० टक्के मूळ मालकांना द्यावेत. आमची मागणी आहे की हे थेट खरेदीलाही आणि एमआयडीसीच्या जमिनीलाही लावा. आज जमीन आमच्याकडून एकराने घेतात आणि पुढे चौरस फुटाने विकतात. मधला फरक कोणाचा, याचे उत्तर सरकारने द्यावे. तसा ठराव आता मांडतो आहोत. ज्यांना नोटीस आली आहे त्यांनी हात वर करून ठेवा, कार्यकर्ते गावाचे नाव आणि गट नंबर लिहून घेतील.