बुबुळावरचे फूल आणि लेसरचा किरण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विषय नेत्रवैद्यकातला असला, तरी तो आपल्याच घरांतून वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नातून निघाला आहे. ‘लेसरने इतक्या जणांचे चष्मे जातात, मग आमच्या मुलीच्या डोळ्यातले फूल का जाऊ नये?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर फूल किती खोल आहे यावर अवलंबून असते, आणि ती खोली मोजल्यावाचून कोणीही आश्वासन देऊ नये व आपणही ते घेऊ नये.

डोळ्याच्या अग्रभागी, बुबुळाच्या रंगीत पडद्यापुढे, काचेसारखी एक पारदर्शक चकती असते. तिला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. परंतु प्रकाशकिरण वळवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम तीच करते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि तिचे सूक्ष्म तंतू अत्यंत शिस्तीने रचलेले असतात, म्हणून ती पारदर्शक राहते. तिचा सर्वांत वरचा थर सुमारे ५० मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. तो खरचटला तर काही दिवसांत खूण न ठेवता भरून येतो. इजा त्याखाली उतरली की मात्र जखम भरताना नवे तंतू वेडेवाकडे बसतात आणि तेथे पांढुरका डाग राहतो. यालाच आपण फूल म्हणतो.

भाताचे तूस किंवा उसाचे पाते डोळ्याला लागून त्यात जंतूंचा अथवा बुरशीचा शिरकाव होणे, हर्पीसच्या विषाणूने वारंवार व्रण पडणे, बालपणी ‘अ’ जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव असणे, ही त्याची नेहमीची कारणे. देवीच्या रोगानेही पूर्वी अनेकांची दृष्टी नेली. १९७५ नंतर तो आपल्या देशातून गेला.

आता लेसरकडे वळू. १९८१ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल ब्लम व जेम्स विन यांनी एक्झायमर लेसरचा किरण सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर सोडून पाहिला. आसपासचा भाग न भाजता नितळ छेद पडला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अदृश्य किरण पेशीजालातील रेणूंचे बंध तोडतो आणि एका स्पंदात सुमारे पाव मायक्रॉन एवढाच थर उडवतो. १९८३ साली स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी श्रीनिवासन यांच्यासह त्याचा पारपटलावरील उपयोग दाखवून दिला. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने प्रथम डाग काढण्यासाठी आणि नंतर चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी या किरणाला मान्यता दिली.

यंत्र एकच असले, तरी ही दोन कामे भिन्न आहेत. लॅसिक शस्त्रक्रियेत पारपटलाची पातळ पापुद्र्यासारखी झडप उचलून आतील भागाला आकार देतात. डाग असलेल्या ठिकाणी ही झडप फाटण्याचा किंवा वेडीवाकडी कापली जाण्याचा धोका असतो. म्हणून फुलासाठी झडप न करता पृष्ठभागावरूनच लेसर चालवतात. त्या पद्धतीला पीटीके म्हणतात. तीही साधारणपणे वरच्या शंभरेक मायक्रॉनांत असलेल्या डागांनाच लागू पडते. फूल त्याहून खोल असेल, किंवा पारपटल आधीच पातळ झाले असेल, तर लेसरने हित होण्याऐवजी हानीच व्हायची. ही खोली आज ओसीटी नावाच्या तपासणीने डोळ्याला स्पर्श न करता मोजता येते.

पृष्ठभाग उंचसखल असेल तर लेसरपूर्वी त्यावर दाट द्रव सोडतात. पावसाने शेतातले खळगे भरले की वर ढेकळेच तेवढी दिसतात, तसे येथे होते. उंचवटे किरणासमोर येतात आणि खळगे झाकलेले राहतात.

त्याआधी एक साधी परीक्षा मात्र अवश्य करून घ्यावी. डोळ्यावर कडक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून तक्ता वाचायला सांगतात. लेन्स आणि पारपटल यांमधील पोकळी अश्रूंनी भरते व उंचसखलपणा झाकला जातो. तेवढ्यानेच पुष्कळ खालच्या ओळी वाचता आल्या, तर दोष पांढरेपणाचा कमी आणि खडबडीतपणाचा अधिक, असे समजावे. अशा काही रुग्णांना ही लेन्सच पुरेशी ठरते आणि शस्त्रक्रियेची गरज राहत नाही.

लेसरच्या मर्यादाही ऐकून घ्याव्यात. मध्यभाग घासला गेल्याने पारपटल सपाट होते आणि अधिक नंबर येऊ शकतो. म्हणजे चष्मा घालवण्याच्या आशेने आलेल्या माणसाला नवा चष्मा लागू शकतो. हर्पीसचा सुप्त विषाणू या किरणाने पुन्हा जागा होऊ शकतो. त्यामुळे डोळा दीर्घकाळ शांत असावा लागतो आणि विषाणुविरोधी औषध द्यावे लागते. लग्न ठरवताना डाग दिसू नये एवढाच हेतू असेल, तर बुबुळाच्या रंगाची कॉन्टॅक्ट लेन्स हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. बालकाच्या डोळ्यात फूल असेल तर मात्र ‘मोठी झाल्यावर पाहू’ असे म्हणू नये. त्या वयात डोळ्याने पाहिले नाही तर मेंदू पाहणे शिकत नाही, आणि पुढे डाग निघाला तरी दृष्टी मंदच राहते.

खोल फुलांवर उपाय एकच: दुसऱ्याचे पारपटल. चेक प्रदेशातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली पहिले यशस्वी पारपटलरोपण केले. आज गरजेप्रमाणे केवळ वरचे थरही बदलता येतात. पण त्यासाठी लागणारे पारपटल कारखान्यात होत नाही. ते मृत्यूनंतर कोणीतरी द्यावे लागते.

येथे परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना एक विनंती आहे. आपल्याकडे मृत्यू झाला की गावाकडची माणसे पोहोचेपर्यंत सारे थांबते. थांबावेही. नेत्रदान मात्र साधारणपणे सहा तासांच्या आत व्हावे लागते. मृत व्यक्तीने अर्ज भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, अर्ध्या तासात काम होते आणि चेहरा विद्रूप होत नाही. मृताने चष्मा वापरला असेल किंवा त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तरी अडचण नाही. नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. हा निर्णय मात्र घरातल्या सर्वांनी, गावाकडच्या वडीलधाऱ्यांसह, आधीच बोलून ठेवावा. दुःखाच्या त्या घटकेला तो सुचत नाही.

आपल्या शहरातील नेत्रपेढीचा क्रमांक आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.