मुलगी काय करते?

(दहावीच्या बॅचला 30 वर्षे झाल्यानिमित्त भरलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल." मी तयारीही केली होती. पण काल रात्री जेवणाच्या रांगेत आपल्या गणिताच्या बाईंनी विचारलं, "तुझी मुलगी काय करते गं?" मी म्हटलं, "कॉलेजला आहे, बाई." "कशात?" "आर्ट्ससारखंच आहे काहीतरी." आणि पापडाचं निमित्त करून मी पुढे सरकले.

बाईंपासून काही लपवण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिली आठवीत, गृहपाठाच्या वहीबद्दल. तेव्हा पकडले गेले होते. आज स्वतःहून कबूल करते, आणि एआय राहू देते.

माझी मुलगी तिकडच्या एका कॅथलिक विद्यापीठात ईशज्ञान आणि 'पास्टोरल मिनिस्ट्री' शिकते. आपल्या वर्गात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, मुसलमानही होते, म्हणून थोडं समजावून सांगते. चर्चमध्ये धर्मगुरू असतात, धर्मभगिनी असतात, आणि उरलेले आपण सगळे संसारी लोक, ज्यांना वसईत प्रापंचिक म्हणतात. प्रापंचिक राहूनच चर्चच्या सेवेचं शिक्षण घ्यायचं आणि तीच नोकरी करायची, असा हा अभ्यासक्रम. ती नन होणार नाही. लग्न करायचं की नाही हा तिचा प्रश्न. हे मला नातेवाइकांना दर वेळी सांगावं लागतं.

तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी काय केलं? इंजिनिअर करते तेच. एक्सेल उघडलं. एका रकान्यात फी, दुसऱ्यात कर्ज, तिसऱ्यात पुढचा पगार. बेरीज काही जमेना. मी म्हणाले, "हे रविवारी कर. सोमवार ते शुक्रवार पोटापाण्याचं काहीतरी शिक."

ती म्हणाली, "आत्याआजीने तेच केलं ना?"

माझी आत्या तुमच्यापैकी पुष्कळांना आठवेल. पहाटे वाडीतली भाजी घेऊन दादरला जाणारी, आणि रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देणारी. 30 वर्षं तिने शिकवलं. आजाऱ्यांना भेटली, घरात मयत झालं की बायकांपाशी जाऊन बसली. थांबली तेव्हा तिला एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पैसे तिने कधी मागितले नाहीत. पण तुला नीट शिकायचं आहे का, हेही तिला कोणी विचारलं नाही. आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही.

मुलीशी भांडायचं म्हणून मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता माझीच बाजू कच्ची निघाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेत लिहिलंय की प्रापंचिकांना ईशज्ञानाचं उच्च शिक्षण घेण्याचा हक्क आहे, आणि जे ही सेवा कायमची पत्करतात त्यांना घर चालेल असा मोबदला मिळाला पाहिजे. म्हणजे आत्या वर्गात फळ्यासमोर उभी होती तेव्हाच हे कागदावर होतं. अमेरिकेत 2005 च्या एका पाहणीत असे आठवड्याला किमान 20 तास पगारी काम करणारे 30 हजारांवर प्रापंचिक सेवक मोजले गेले. त्यात दहातल्या आठ बायका होत्या. आपल्याकडे शिकायची सोय नाही असंही नाही. पुण्याचं ज्ञानदीप आहे, बंगळुरूला 1967 पासून धर्मशिक्षण आणि उपासनेचं राष्ट्रीय केंद्र आहे. शिकून आलेल्याला पगारी जागा कुठे, हा मात्र आपल्याकडचा खरा प्रश्न.

आता ती शिकते काय? बायबल, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र, समुपदेशन, आणि तिकडच्या चर्चमध्ये लागतं म्हणून स्पॅनिश. शिवाय आठवड्यातून एक दिवस वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम. तिथून परत आल्यावर भेटीतलं संभाषण जसंच्या तसं लिहून काढायचं. आजी काय म्हणाल्या, मी काय म्हणाले. मग वर्गात सगळ्यांसमोर त्याची चिरफाड. आजी मरणाविषयी बोलायला लागल्या तेव्हा तू चहाचा विषय का काढलास? घाबरलीस का? मी म्हटलं, अगं, हा तर आमचा कोड रिव्ह्यू! फक्त आमच्याकडे चुकलं तर सर्व्हर बंद पडतो.

ही पद्धत ज्या प्रशिक्षणात रुळली ते 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात सुरू झालं. सुरू करणारे अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्ण म्हणून उपचार घेऊन आलेले होते. पुस्तकांइतकंच जिवंत माणसांकडून शिका, हा त्यांचा आग्रह.

त्याचा उपयोग मी गेल्या वर्षी जानेवारीत पाहिला. माझे पप्पा वसईत हॉस्पिटलमध्ये होते. मी आणि माझा भाऊ ऑक्सिजनचे आकडे बघत होतो, डॉक्टरांना फोन लावत होतो. पप्पा वाडीचा विषय काढायचे आणि आम्ही म्हणायचो, "पप्पा, आता वाडीचं टेन्शन घेऊ नका." सुट्टीवर आलेली मुलगी त्यांच्यापाशी बसली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, वाडीचं काय?" पप्पा बोलायला लागले. विहिरीतला गाळ दोन वर्षं काढलेला नाही. मी गेल्यावर पोरं केळी काढून वाडी विकतील. माझ्या बापाने ती विहीर हाताने खणली. ती फक्त "मग?" म्हणत होती. अर्ध्या तासाने पप्पांनी भावाला बोलावलं आणि विहिरीचं सांगितलं. त्या रात्री त्यांना झोप लागली. आठ दिवसांनी ते गेले. आम्ही सगळे त्यांच्यावर प्रेम करत होतो, पण ऐकत कोणीच नव्हतं.

आता पोटापाण्याचं. तुमच्यापैकी अनेकांची मुलं बारावीत असतील, म्हणून स्पष्ट सांगते. या शिक्षणातून धर्मशिक्षण विभागप्रमुख, युवकांसोबतचं काम, कॉलेजमधली मिनिस्ट्री, कॅथलिक शाळेत शिक्षक, तुरुंगात किंवा सेवाभावी संस्थेत काम, अशा वाटा निघतात. हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन व्हायचं तर नुसती पदवी पुरत नाही. मास्टर्स लागतं, आणि वर त्या प्रशिक्षणाची साधारण चार सत्रं, प्रत्येक किमान 400 तासांचं. चॅप्लेन फक्त आपल्या धर्माच्या रुग्णाकडे जात नाही. मुसलमान, हिंदू, नास्तिक, सगळ्यांकडे जातो, रात्री दोनला पेजर वाजला तरी.

पगार माझ्या क्षेत्रापेक्षा बराच कमी. चर्चमधली नोकरी पुष्कळदा तिथल्या धर्मगुरूंवर अवलंबून, ते बदलले की घडी बदलते. आणि बाई कितीही शिकली तरी कॅथलिक चर्चमध्ये तिला धर्मगुरू होता येत नाही. हे मुलीला माहीत आहे. माझं एक्सेल तिने फेकलं नाही, दुरुस्त केलं. जोडीला समाजकार्य हा दुसरा विषय घेतला, शिष्यवृत्ती मिळवली, मोठं कर्ज टाळलं. तुमच्या मुलांनी असं काही निवडलं तर एवढं जरूर विचारा: कर्ज किती, मास्टर्स लागेल का, जोडविषय कोणता, आणि याआधी शिकून गेलेले आज कुठे आहेत? "लोक काय म्हणतील" हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारला होता. तो विचारू नका.

शेवटचं सांगते. परवा मुलीने आत्याला फोनवर विचारलं, "आत्याआजी, उत्तर आलं नाही असा एखादा प्रश्न होता का?" आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, एका बाईचं बाळ बाप्तिस्म्याआधी गेलं होतं. ते कुठे गेलं असेल, असं तिने विचारलं. आत्याने लहानपणी जे ऐकलं होतं ते सांगितलं: स्वर्गात नाही, नरकातही नाही, मध्ये कुठेतरी. ती बाई पुन्हा आत्याशी बोलली नाही. मुलीने तिला सांगितलं की ती 'मधली जागा' चर्चची बंधनकारक शिकवण कधीच नव्हती. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलंय, आणि 2007 मध्ये चर्चच्या ईशज्ञान आयोगाने आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं लिहिलंय. आत्या म्हणाली, "मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!"

ती बाई अजून गावात आहे. उद्या आत्याला तिच्याकडे जायचंय, आणि मी तिला घेऊन जाणार आहे. काय बोलायचं ते आत्याने मुलीकडून फोनवर दोनदा ऐकून घेतलंय.

तर बाई, माझी मुलगी हे करते.