डब्यावर नाव कुणाचं?

(अहिल्यानगर शहरात तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मला विषय दिलाय, ‘लहान मूल सांभाळून घरून व्यवसाय’. आधीच सांगते, मी काही मोठी उद्योजिका नाही. मुकुंदनगरमध्ये दोन खोल्यांचं घर, एक ओव्हन, लोकरीची एक पिशवी आणि साडेतीन वर्षांची मुलगी, एवढाच माझा कारखाना. नानकटाई, बिस्किटं, वाढदिवसाचे केक करते. क्रोशाची तोरणं, रुमाल, लग्नातल्या थाळांवर टाकायचे खानपोश विणते. आमच्या हिंदू मैत्रिणींच्या घरी लग्न असलं की रुखवतासाठी कागदाची फुलंही करून देते.

सुरुवात माझ्या लहानपणापासून करते. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलं असेल. ईद जवळ आली की अम्मी मैदा चाळायची, साखर दळून आणायची, तूप मोजायची, वेलची कुटायची. सगळं सामान डब्यांत भरून अब्बा आणि भाऊ बेकरीच्या भट्टीवर न्यायचे. तिथे रात्रभर नंबर लागायचा. दिवाळीच्या आधी तीच भट्टी, तसेच डबे, फक्त रांगेतली घरं वेगळी. पहाटे नानकटाई घरी आली की तिच्या वासानेच आम्ही उठायचो. डबे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर नावाची चिठ्ठी असायची. आमच्या डब्यावर अब्बांचं नाव असायचं. प्रमाण अम्मीचं, मेहनत अम्मीची. भट्टीवर ती कधीच गेली नाही आणि चिठ्ठीवरही नाही. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अम्मीलाही वाटलं नसावं.

मी बी.कॉम. झाले. लग्नाआधी दोन वर्षं एका दुकानात हिशेब लिहिले. मुलगी झाल्यावर काम सुटलं. ती दीड वर्षाची असताना रमजानच्या शेवटच्या दिवसांत शेजारच्या भाभींनी दोन किलो नानकटाई मागितली आणि पैसे हातावर ठेवले. तिथून हे सुरू झालं.

आता मूल सांभाळून काम कसं होतं ते सांगते. बोलताना सोपं वाटतं. दीड वर्षाचं मूल म्हणजे जे दिसेल ते ओढणार आणि जे हाती लागेल ते तोंडात घालणार. मी आधी मणी, टिकल्या, आरसे लावून तोरणं करायची. एक दिवस तिच्या तोंडातून मणी बोट घालून काढला. त्या दिवसापासून मण्यांचं काम बंद केलं, फक्त लोकर आणि दोरा. ओव्हन ओट्यावर मागे सरकवला, वायर भिंतीला बांधली.

एक गोष्ट मला अनुभवाने कळली. क्रोशाचा टाका अर्धवट सोडून उठता येतं, ओव्हनमधला ट्रे सोडून उठता येत नाही. म्हणून ती जागी असताना मी विणते आणि ती झोपली की भाजते. दुपारची तिची झोप तास-सव्वा तासाची. तेवढ्यात तीन ट्रे निघाले पाहिजेत. पीठ सकाळीच मळून ठेवायचं. नगरच्या मे महिन्यात तूप पातळ होतं आणि नानकटाई ट्रेवर पसरते, म्हणून गोळे पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे आणि मगच ओव्हनमध्ये घालायचे. बाजरीची बिस्किटं करायला घेतली तेव्हा पहिले तीन घाणे चुरा झाले. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ कोरडं भाजून, गुळाचा पाक आणि थोडी कणीक घातली तेव्हा कुठे ती धरायला लागली. आता दर आठवड्याला तीच जास्त जातात. बाजरी तर आपल्या जिल्ह्याचीच.

असे दिवस चालले होते आणि मी खूश होते. मग एक दिवस सहज हिशेब लिहायला बसले. हिशेब लिहिणं हे तर माझं शिक्षण! पण दुसऱ्याच्या दुकानाचा हिशेब लिहिलेल्या बाईने स्वतःचा लिहिला नव्हता.

एक किलो नानकटाई. तूप १९२ रुपये, मैदा, बेसन, रवा मिळून ३२, साखर १२, वेलची-जायफळ २०, डबा १४. झाले २७०. विजेचे १५ धरा. २८५. मी विकत होते ३२० ला. उरले ३५ रुपये. वेळ अडीच तास. म्हणजे माझ्या हाताची किंमत तासाला १४ रुपये. आणि हा भाव कुणी पाडून मागितला नव्हता, मीच ठरवला होता. कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की घरीच तर असते मी, माझ्या वेळेला कसले पैसे?

हा विचार माझ्या एकटीचा नाही. आपल्या घरांत विचारतात ना, “दिनभर घरमेंच तो रहती, करती क्या?” केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामाचा हिशेब मांडलाय. हे काम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. त्या २८९ मिनिटांची किंमत शून्य धरायची सवय लागली की, त्याच ओट्यावर केलेल्या नानकटाईलाही आपण शून्याच्या आसपासच भाव लावतो. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्याही बाया घरीच पापड लाटत, लेकरं सांभाळत. पण तिथे लाटणीची मजुरी ठरलेली होती आणि ती लाटणारीच्या हातात पडत होती. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

मी भाव ४६० केला. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली, ती आजही आहेत.

दुसरा धडा यापेक्षा महाग पडला. ओव्हन छोटा होता, मोठा घ्यायचा होता. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, हे ऐकून मी एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी साधा प्रश्न विचारला, “तुमचं उत्पन्न कुठे दिसतं?” मी मोबाइल काढला आणि तिथेच गप्प झाले. चौदा महिने लोकांनी क्यूआर कोडवर पैसे टाकले होते आणि तो कोड माझ्या मिस्टरांच्या खात्याचा होता. त्यांनी फसवलं नव्हतं. फोन त्यांचा, खातं त्यांचं, सोयीचं म्हणून तसं झालं. त्यातले पैसे घरातच लागले, दवाखान्यात लागले, मुलीच्या दुधात लागले. पण कागदावर पाहाल, तर चौदा महिन्यांत मी एक रुपयाही कमावलेला नव्हता.

घरी येऊन मी चिडले. ते म्हणाले, “तेरा-मेरा क्या, एकच तो है.” मी म्हटलं, एकच असेल तर मग माझ्या खात्यावर येऊ द्या. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून आले आणि मुलीला घेऊन बसले. मी जाऊन खातं उघडलं.

आपल्याकडे तकरीर असो की निकाह, हजरत खदीजांचं उदाहरण देतात. त्या व्यापारी होत्या, कारभार त्यांचा होता. बाईची कमाई बाईची, हे आपल्यात कुणी तोंडाने नाकारत नाही. पण खातं कुणाच्या नावावर आहे, हे विचारलं की सगळे इकडेतिकडे बघतात.

ओव्हन शेवटी भिशीवर घेतला. आम्ही अकरा जणी, महिन्याला हजार रुपये. माझा नंबर लागला तेव्हा ११ हजार आले. भिशीच्या वहीत बघितलं तर अकरापैकी सात जणींची नावंच नाहीत. अमक्याची बायको, तमक्याची अम्मी, कोपऱ्यावरची भाभी. पैसे भरणाऱ्या आम्ही, वही लिहिणारी आमच्यातलीच. त्या दिवशी आम्ही बसून सगळी नावं पूर्ण लिहिली. एका खालांना त्यांचं नाव सांगताना लाज वाटत होती. म्हणाल्या, “बहुत साल हुए, किसीने पुकाराच नहीं.”

मग मी अन्न सुरक्षेची नोंदणी केली. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला फी वर्षाला फक्त १०० रुपये होती. अर्ज ऑनलाइन, फोटो आणि ओळखपत्र लागतं. चौदा आकडी नंबर मिळतो. डब्याच्या लेबलवर तो नंबर, काय काय घातलंय ते, तारीख, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, सगळं द्यायचं. मी माझं पूर्ण नाव छापलं.

आणि इथे तिसरा धडा. सावेडीच्या एक ताई माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक. मनाने चांगल्या. त्या हळूच म्हणाल्या, “अगं, नुसतं ‘घरगुती’ लिही ना. मला काही नाही, पण आमच्याकडे चार पाहुणे येतात, कुणीतरी काहीतरी बोलतं.” मी घरी येऊन डबा समोर ठेवून बसले. दिवस कसे चाललेत तुम्हाला माहीत आहे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेला दोन्ही समाजांचे लोक जात आलेत. २०२५ मध्ये त्याच गावच्या ग्रामसभेत, यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत, असा ठराव झाला. आपली संविधानातली व्यवसायाची मोकळीक, कलम १९, ही अशा वेळी पुस्तकातली गोष्ट राहत नाही, ती खेळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानापर्यंत येते. माझ्या नानकटाईच्या डब्यापर्यंतही येते.

मी खरं सांगते, नाव काढायचा मोह झाला. गिऱ्हाईक तुटणं म्हणजे महिन्याचे दोन-तीन हजार जाणं. पण विचार केला, चौदा महिने माझं नाव घरातल्या सोयीसाठी गायब होतं. आता बाहेरच्या सोयीसाठी मी स्वतःच पुसायचं? खाणाऱ्याला ज्या हाताचं खातोय त्याचं नाव माहीत असायला हवं. त्यात घाबरण्यासारखं काय आहे, हे त्यालाही हळूहळू कळेल. मी त्या ताईंना तसं नीट सांगितलं. अंड्याचे केक आणि बिनअंड्याचा माल यांची भांडी वेगळी ठेवते, तेही घरी बोलावून दाखवलं. त्या चार महिने आल्या नाहीत. मग दिवाळीला आल्या, पाच किलो घेऊन गेल्या. दुसऱ्या दोघी मात्र आल्याच नाहीत. सगळे परत येतात असं मी तुम्हाला सांगणार नाही.

त्याच दिवाळीत वीज गेली. चौदा किलोची ऑर्डर, मळलेलं पीठ, रात्रीचे आठ. शेवटी डबे घेऊन मी भट्टीवर गेले. मिस्टरांच्या कडेवर मुलगी, डबे माझ्या हातात. रांगेत मी एकटीच बाई. भट्टीवाल्या चाचांनी चिठ्ठी काढली आणि सवयीने मिस्टरांकडे बघून विचारलं, “नाम?” मिस्टरांनी माझं नाव सांगितलं. चाचांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. बस्स, एवढंच झालं. पण मला अम्मीची फार आठवण आली.

आपलं हे नगर साधं शहर नाही. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला इथेच मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. पुढे १८५६ मध्ये आजारपणात माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाची आठवण आहे, की माझ्या माघारी तिच्यावर भार पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाची. फातिमा शेख यांच्याबद्दल आपल्या हाती जे थोडं लागतं, त्यात हे एक वाक्य आहे. बरोबर काम करणाऱ्या बाईने नाव लिहून ठेवलं म्हणून ते नाव उरलं. कुरकुर न करता राबलेल्या आणखी कितीजणी असतील, ज्यांचं नाव कुणी लिहिलंच नाही.

म्हणून मुलींनो, उद्या तुम्ही केक करा, मेंदी काढा, शिवण करा, शिकवण्या घ्या. तीन गोष्टी पहिल्याच महिन्यात करा. स्वतःच्या नावाचं खातं आणि त्याच खात्याचा क्यूआर. एक वही, ज्यात सामानाबरोबर स्वतःचे तासही लिहायचे. आणि नोंदणी स्वतःच्या नावाने. खाण्याचं असेल तर अन्न सुरक्षेची, नाहीतर ‘उद्यम’ची, तिला पैसे लागत नाहीत, आधार लागतं.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच सांगते. “मी तिला मदत करतो” असं अभिमानाने सांगू नका. मूल दोघांचं आहे. बाप मुलीला घेऊन बसला, तर ती मदत नाही, तो त्याचा वाटा आहे. आज घरी जाऊन अम्मीला विचारा, तुझ्या नावावर काय काय आहे? उत्तर ऐकून लगेच काही बोलू नका. आधी वही आणा.

माझ्या मुलीच्या झोपेची वेळ झाली, म्हणजे माझ्या कामाची. थांबते.