हळदोण्याचा ट्रंपेटवादक

उणकलच्या छोट्याशा स्थानकावरून जाणारा लोहमार्ग धारवाड, लोंढे, कॅसलरॉक करीत गोव्यात मुरगावच्या बंदरास उतरतो. पोर्तुगीज अमदानीत पोटासाठी मुंबई गाठणारे कित्येक गोमंतकीय वादक याच घाटातून लोंढ्यास येत व पुण्याकडे वळत. चर्चच्या शाळांतून शिकलेले स्वरलेखन, एवढीच त्यांची पुंजी.

हळदोणे येथे 1916 साली जन्मलेले आंतोनियु शाव्येर वाझ याच परंपरेतले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवीत, आणि रसिक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. बिरुद गौरवाचे खरे, पण उसने; त्यांची स्वतःची करामत दिसली ती चित्रपटांत.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक झाले. चाल सुचणे निराळे आणि ती ट्रंपेट, सॅक्सोफोन, बेस, ढोल यांत वाटून देणे निराळे. ‘अलबेला’ (1951) मध्ये भगवानदादांची पावले ज्या ठेक्यावर थिरकतात, त्यात हे दुसरे कसब आहे. मग श्रेय कोणाचे? चाल निःसंशय रामचंद्रांची. परंतु तिचा झगमगाट एकट्या रामचंद्रांचा म्हणणे अन्यायाचे होईल. पडद्यावर वाझ आपल्या ताफ्यासह दिसतात, तरी कित्येक प्रेक्षकांना तो वादक कोण हे ठाऊक नसते.

त्याच वर्षी ‘नादान’ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. 1967 साली, उणीपुरी पन्नाशी गाठून, ते निवर्तले.